तिसऱ्या दिवशी ‘दूध येत नाही’ म्हणतात, तेव्हा काय पाहावे

घणसोलीला राहणाऱ्या एका पहिलटकरणीने विचारले आहे: ठाण्याच्या एका रुग्णालयात सिझेरियन होऊन आज तिसरा दिवस आहे. मुलीचे जन्मवजन 2 किलो 900 ग्रॅम होते, आज सकाळी ते 2 किलो 710 ग्रॅम भरले. बाळ छातीशी घेतले की दोन-चार वेळा चोखून झोपी जाते आणि पाळण्यात ठेवले की रडू लागते. काल रात्री हे चक्र पहाटेपर्यंत चालले. स्तनाग्रे सोलवटल्यासारखी दुखतात. दाबून पाहिले तर पिवळसर चिकाचे दोन थेंब येतात. आई आणि सासूबाई दोघींचेही मत आहे की दूध पुरत नाही, आणि रात्री एकदा पावडरचे दूध पाजलेही गेले आहे. मुलीने चोवीस तासांत तीनदा शू केली असून शी काळ्याची हिरवट झाली आहे. उद्या घरी सोडणार आहेत. दूध खरेच कमी आहे का, आणि पावडर चालू ठेवावी का?

तुम्ही जे आकडे दिले आहेत, त्यांवरून दूध कमी आहे असे म्हणता येत नाही. तिसऱ्या दिवशी तीनदा शू होणे, काळी शी हिरवी होणे आणि वजनात सुमारे साडेसहा टक्के घट होणे, हे सर्व निरोगी नवजात बाळात अपेक्षित असेच आहे. सुधारायची आहे ती बाळाची स्तनावरची पकड, आणि ती सुधारली की दुखणे व बाळाचे अर्धवट राहणे या दोन्ही गोष्टी एकदमच कमी होतील. पावडर आज थांबवावी, असे माझे मत आहे. ती कोणत्या परिस्थितीत द्यावी लागते, तेही पुढे स्पष्ट लिहिते.

प्रसूतीनंतर वार बाहेर पडली की प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची पातळी झपाट्याने खाली येते आणि तेथून खऱ्या अर्थाने दूध तयार होऊ लागते. परंतु स्तन भरून आल्याचे आईला जाणवायला साधारण दोन ते चार दिवस लागतात. पहिले बाळंतपण, सिझेरियन, मधुमेह, प्रसूतीच्या वेळी झालेला जास्त रक्तस्राव, यांपैकी काही असेल तर आणखी थोडा उशीर होतो. यातली पहिली दोन कारणे तुमच्याकडे आहेत. सुरुवातीचे हे काम शरीर संप्रेरकांच्या जोरावर करते, पण नंतरचे प्रमाण ठरते ते स्तन किती वेळा आणि किती पूर्ण रिकामा होतो यावर. भरून राहिलेला स्तन दूध बनवण्याचा वेग स्वतःहून कमी करतो आणि रिकामा झालेला स्तन तो वाढवतो. म्हणूनच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ‘पुरत नाही’ म्हणून वरचे दूध दिले जाते, बाळ तीन-चार तास गाढ झोपते, तेवढा वेळ स्तनाला कोणतीच मागणी पोहोचत नाही, आणि आठवडाभरात दूध खरोखरच कमी पडू लागते. जी कमतरता नव्हती, ती अशा रीतीने तयार होते. हे मी ठाण्यात आणि नवी मुंबईत इतक्या घरांत पाहत आले आहे, की या एका गोष्टीबद्दल मला आग्रहाने लिहावेसे वाटते.

तुम्हाला दिसलेले पिवळे थेंब म्हणजेच चीक, आणि या दिवसांत बाळाला तोच हवा असतो. पहिल्या चोवीस तासांत बाळ एका वेळी साधारण 2 ते 10 मिलिलिटर चीक पिते, दुसऱ्या दिवशी 5 ते 15 आणि तिसऱ्या दिवशी 15 ते 30. पहिल्या दिवशीची एक वेळ म्हणजे चहाचा एखादा चमचा किंवा त्याहूनही थोडे कमी-जास्त! त्यात रोगप्रतिकारक द्रव्ये दाट असतात, आणि तो सारक असल्यामुळे पोटातली काळी शी लवकर बाहेर पडून कावीळ वाढण्याचा धोकाही कमी होतो. हाताने दाबून किती थेंब निघतात यावरून बाळाला किती मिळते याचा अंदाज बांधू नये, कारण नीट पकड असलेले बाळ हातापेक्षा पुष्कळ चांगले दूध काढते.

काल रात्रीचे वागणेही मला अनोळखी नाही. जन्मानंतरचा पहिला दिवस बहुतेक बाळे गुंगीत काढतात आणि दुसऱ्या रात्री जागी होऊन सारखी छाती मागतात. घरच्यांना हा भुकेचा आकांत वाटतो. खरे तर बाळ या वारंवार चोखण्यातून दूध लवकर उतरवून घेत असते. पाळण्यात ठेवताच रडणे हेही स्वाभाविक आहे, कारण नऊ महिने ज्या उबेत आणि आवाजात ते होते, त्यापासून ते दूर झालेले असते. रडणे ही भुकेची फार उशिराची खूण आहे. त्याआधी बाळ तोंड उघडून मान वळवते, मुठी तोंडाशी नेते, ओठ चाटते. त्याच वेळी त्याला घ्यावे, कारण रडून थकलेले बाळ पकड नीट घेत नाही.

आता पकडीकडे येते. बहुतेक पहिलटकरणी पाठ वाकवून स्तन बाळाच्या तोंडाकडे नेतात, बाळाचे पोट छताकडे आणि मान मात्र आईकडे वळलेली असते, आणि मग बाळाच्या हाती लागते ते फक्त स्तनाग्र. तुम्ही आधी पाठीला भक्कम टेका घेऊन आरामात बसा, खांदे सैल सोडा आणि मगच बाळाला जवळ आणा. बाळाचे पोट तुमच्या अंगाला लागलेले असावे, त्याचा कान, खांदा आणि कंबर एका रेषेत असावी आणि आधार फक्त मानेला नव्हे तर सगळ्या अंगाला असावा. त्याचे नाक तुमच्या स्तनाग्रासमोर येऊ द्या. तोंड समोर आणू नका. स्तनाग्राने वरच्या ओठाला हलका स्पर्श केला की बाळ डोके किंचित मागे टाकून जांभई दिल्यासारखा मोठा आ करते, आणि त्याच क्षणी, एक-दोन सेकंदही न दवडता, त्याला खांद्यांतून आपल्याकडे ओढायचे असते. हनुवटी आधी स्तनात रुतली पाहिजे, खालचा ओठ बाहेर वळलेला दिसला पाहिजे, आणि स्तनाग्राभोवतीचा गडद भाग वरच्या बाजूला जास्त, खालच्या बाजूला कमी दिसला पाहिजे. स्तन हाताने धरायचा झाल्यास वडापाव तोंडात मावावा म्हणून आपण तो ओठांच्या रेषेत दाबतो, तसा बाळाच्या ओठांच्या रेषेत हलकेच दाबावा. बोटे मात्र गडद भागापासून दूर ठेवावीत, नाहीतर बाळाच्या हनुवटीला जागा उरत नाही. बाळाच्या डोक्यामागून हाताने दाब देऊ नका. त्याने बाळ चिडून मागे ताणते आणि घरचे म्हणतात की ‘तिला आईचे दूधच नको आहे.’

मध्यंतरी अशाच एका सिझेरियन झालेल्या मुलीजवळ तिच्या सासूबाई बसल्या होत्या, मुरबाडकडच्या. सूनबाई रडकुंडीला आली होती आणि खोलीतले बाकीचे तीन नातेवाईक कोणती पावडर चांगली यावर बोलत होते. मी पकड समजावत असताना या बाई काही न बोलता उठल्या, सुनेच्या कोपराखाली घडी केलेली चादर सारली आणि बाळाचे ढुंगण आईच्या बाजूला थोडेसे दाबून धरले. ढुंगण जवळ गेल्याबरोबर डोके आपोआप मागे झुकले, हनुवटी रुतली आणि बाळाच्या कानापाशी गिळण्याची हालचाल दिसू लागली. “आता घे म्हणावं,” एवढेच त्या म्हणाल्या. बाळंतिणीला घरच्या माणसांकडून या दिवसांत जी मदत हवी असते, ती साधारण अशी असते.

दुखण्याबद्दल. सुरुवातीच्या काही सेकंदांत ओढल्यासारखे वाटणे ठीक आहे. ते लगेच ओसरायला हवे. सर्व वेळ दुखत असेल आणि बाळाने सोडल्यावर स्तनाग्र एका बाजूने चपटे किंवा तिरके झालेले दिसत असेल, तर पकड उथळ आहे असे नक्की समजा. अशा वेळी सहन करत राहू नका. आपले स्वच्छ बोट बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. चार वेळा लावावे लागले तरी चालेल. पाजून झाल्यावर चिकाचाच एक थेंब स्तनाग्रावर लावून वाळू द्यावा. दर वेळी साबणाने धुण्याने त्वचा आणखी फाटते. पकड सुधारूनही दुखणे थांबले नाही, तर बाळाच्या जिभेखालचा पडदा आखूड आहे का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

टाक्यांवर भार येत असल्यामुळे मांडीवर घेऊन पाजणे तुम्हाला अवघड जात असणार. बाळाचे पाय तुमच्या पाठीकडे जातील अशा रीतीने त्याला काखेखाली उशीवर घेऊन पाजून पाहा. यात पोटावर काहीच येत नाही आणि बाळाचे तोंडही तुम्हाला स्पष्ट दिसते. रात्री कुशीवर झोपून, बाळाला आपल्याकडे तोंड करून कुशीवर घेऊन पाजता येते, मात्र त्या वेळी कोणीतरी जागे असावे आणि पाजून झाल्यावर बाळाला वेगळ्या सपाट जागी उताणे निजवावे. सोफ्यावर किंवा खुर्चीत पाजता पाजता डोळा लागणे बाळासाठी धोक्याचे आहे. सिझेरियननंतर सामान्यतः दिल्या जाणाऱ्या पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांमुळे पाजणे बंद करावे लागत नाही. औषध न घेता वेदना सहन करत राहिलात तर पान्हा फुटायला उलट अडथळा येतो.

दोन-चार वेळा चोखून झोपणाऱ्या बाळाला टोपडे-दुपट्यात गुंडाळून पाजू नका. लंगोटावर ठेवून आपल्या उघड्या छातीशी घ्या, वरून दोघींवर पातळ ओढणी घ्या. आपल्याकडच्या दमट हवेत त्याला एवढी ऊब पुरते. चोखणे मंदावले की स्तन हाताने हलकेच दाबून धरावा, म्हणजे चीक तोंडात येऊन ते पुन्हा गिळू लागते. तेही थांबले की दुसरी बाजू द्यावी. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणे व्हायला हवे, त्यातल्या काही वेळा रात्रीच्या असाव्यात, कारण दूध बनवणारे प्रोलॅक्टिन रात्री जास्त असते. वजन पूर्ववत होईपर्यंत बाळ उठले नाही तरी तीन तासांपेक्षा जास्त थांबू नये.

पुरते आहे की नाही, हे रडण्यावरून किंवा स्तन मऊ लागतात यावरून ठरवू नये. बाळ किती गिळते ते पाहावे: कानाजवळची हालचाल आणि ‘क’ सारखा बारीक आवाज. शू पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा अशी वाढत जाऊन पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा व्हावी. पहिले आठ-दहा दिवस डायपरऐवजी सुती लंगोट वापरले तर ही मोजणी सोपी जाते. पहिल्या दोन-तीन दिवसांत लंगोटावर विटकरी डाग दिसू शकतो, पण चौथ्या दिवसानंतरही दिसला तर बाळाला पुरेसे मिळत नाही असे समजून दाखवावे. शी पाचव्या दिवसापर्यंत पिवळी, पातळ, कण असलेली होऊन दिवसातून तीन-चार वेळा व्हायला हवी. अशी शी म्हणजे जुलाब नव्हेत. वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरून दहा ते चौदा दिवसांत जन्मवजनावर परत येते. सिझेरियनच्या वेळी आईला सलाईन बरेच दिलेले असेल, तर जन्मवजन मुळातच थोडे फुगलेले असू शकते, हेही डॉक्टर लक्षात घेतात.

आता वरच्या दुधाविषयी. काल रात्री एकदा दिले गेले, त्याने काही बिघडलेले नाही. अपराधी वाटून घेऊ नका. वजनातली घट दहा टक्क्यांच्या पुढे गेली, रक्तातली साखर उतरली, कावीळ वाढून बाळ सुस्त झाले किंवा वयाच्या मानाने शू फारच कमी झाली, तर पूरक दूध हे औषधाइतकेच आवश्यक असते आणि ते नाकारू नये. पण तेव्हाही पहिला मान आईच्याच काढलेल्या दुधाचा. अंगठा वर आणि दोन बोटे खाली, स्तनाग्रापासून दोन-तीन सेंटीमीटर मागे ठेवून आधी छातीच्या दिशेने आणि मग एकमेकांकडे दाबावे, सोडावे, पुन्हा दाबावे. बोटे कातडीवर घासू नयेत. निघालेला चीक उकळून स्वच्छ केलेल्या वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्यावा. बाटलीतून आयता प्रवाह मिळतो, त्याची सवय झालेली काही बाळे नंतर छातीशी कष्ट करायला कुरकुरतात. अपुऱ्या दिवसांच्या आणि आजारी बाळांसाठी दूधपेढ्या आहेत. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात 1989 साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केलेली पेढी आशियातली पहिली. एक गोष्ट मुद्दाम सांगते: बालदुधाची आणि बाटल्यांची जाहिरात करणे, त्यांचे मोफत नमुने आईला देणे, हे 1992 च्या केंद्रीय कायद्याने निषिद्ध आहे. डब्याची शिफारस कोणी केलीच, तर वैद्यकीय कारण विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

उद्याचा दिवस जपून काढा. मेडिक्लेमची मंजुरी, बिल, औषधे यांत दुपार सरते आणि नेमक्या त्या गडबडीत बाळाच्या एक-दोन वेळा चुकतात. निघण्यापूर्वी शांतपणे पाजून घ्या, कारण ठाणे-बेलापूर रस्त्यावर गाडी कुठे अडकेल याचा भरवसा नसतो. घरी हॉल आणि एकच बेडरूम असेल, तर भेटायला येणाऱ्यांमुळे आई संकोचून पाजणे लांबवते. पाहुण्यांना आठवडाभर थांबवण्याचे काम बाळाच्या बाबांनी अंगावर घ्यावे. ढेकर काढणे, लंगोट बदलणे आणि रात्री बाळाला उचलून आईच्या हातात देणे, हेही त्यांनाच उत्तम जमते.

उद्या-परवा स्तन एकाएकी जड, घट्ट आणि गरम होतील. तेव्हा वारंवार पाजावे, आणि गडद भाग फुगून बाळाला धरता येत नसेल तर स्तनाग्राभोवती बोटांनी मिनिटभर आत दाबून तो मऊ करून मग लावावे. पाजण्यांच्या मधल्या वेळात थंड पाण्यात पिळलेले फडके ठेवावे. गाठ जोराने चोळून मोडू पाहणे टाळा. मालिशवाल्या बाईंनाही तसे स्पष्ट सांगा. त्याचप्रमाणे बाळाची छाती फुगलेली असेल तर ती पिळून ‘दूध’ काढू देऊ नका. आईच्या संप्रेरकांमुळे आलेली ती सूज आपोआप जाते, पिळल्याने मात्र पू होऊ शकतो.

खाण्यापिण्याबाबत सासूबाईंचे मन मोडण्याचे कारण नाही. हळिवाचे लाडू, डिंक, खारीक-खोबरे, मेथी, शेपू, बाजरीची भाकरी हे सगळे पौष्टिक आहे आणि पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे 600 कॅलरी जास्त लागतातही. मात्र लाडवांनी दूध वाढेल या भरवशावर पाजणे कमी करू नये. तहान लागेल तेवढे पाणी प्यावे. बाळंतिणीचे पाणी तोडणे चुकीचे आहे. बाळाला मध, साखरपाणी, घुटी, ग्राईप वॉटर यांपैकी काहीही नको. मध तर वर्षभर अजिबात नको, त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. साधे पाणीसुद्धा सहा महिने, अगदी मे महिन्यातही, लागत नाही. अपवाद डॉक्टरांनी दिलेल्या ड जीवनसत्त्वाच्या थेंबांचा, रोज 400 युनिट.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी विनाकारण रडू येते, तेही शरीरातल्या याच बदलांमुळे. ते दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकले, किंवा बाळाबद्दल वा स्वतःबद्दल भीतिदायक विचार येऊ लागले, तर आपल्या डॉक्टरांना ताबडतोब सांगा.

घरी गेल्यावर दोन-तीन दिवसांत, म्हणजे पाचव्या-सहाव्या दिवशी, मुलीचे वजन उघड्या अंगाने करून घ्या; जवळच्या नागरी आरोग्य केंद्रातही ते होते, फक्त पुढच्या वेळी काटा तोच असावा. त्यापुढे रोज सरासरी 25 ते 30 ग्रॅम वाढ अपेक्षित आहे. त्याआधीच बाळ पाजण्यासाठी उठेनासे झाले, आठ तास शू झाली नाही, पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत पोहोचला, अंग तापले किंवा गार पडले, श्वास जोरात चालू लागला, तर वजनाची वाट न पाहता त्याच वेळी, रात्र असली तरी, रुग्णालयात न्यावे. तुम्हाला थंडी वाजून ताप आला आणि स्तनाचा एखादा भाग लाल, दुखरा झाला, तर औषध चालू करून त्या बाजूनेही पाजत राहावे. आणि पकड दोन दिवसांत जमली नाही, तर पुढची वजनाची तारीख येण्याची वाट न पाहता स्तनपान सल्लागाराला समोर बसवून एकदा पाजून दाखवा, कारण कोपर कुठे कमी उंच आहे आणि बाळ कुठे वळलेले आहे, ते लेखी उत्तरापेक्षा प्रत्यक्ष पाहणाऱ्याला लगेच कळते.